वाचक विचारतात : सेलममध्ये चेटकिणींपलीकडे काय पाहावे?

मागील अंकात बोस्टनमधील जुन्या वास्तूंविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती. त्यानंतर पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेल्या पत्रांत बोस्टनच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या सेलम या छोट्या शहराविषयी सर्वाधिक विचारणा होती. मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्यात दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या मंडळींना बोस्टनहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे हे ठिकाण आहे, त्यामुळे हे सदर या वेळी त्याच एका शहराला दिले आहे. आपण ज्याविषयी बोलत आहोत ते सेलम मॅसॅच्युसेट्स राज्यातील आहे. ओरेगन राज्याच्या राजधानीचे नावही सेलमच आहे आणि तमिळनाडूतील सेलम तर सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिकिटे काढताना राज्याचे नाव अवश्य पाहावे.

प्रश्न : माझा मुलगा बोस्टनला असतो. सून म्हणते की, सेलम म्हणजे चेटकिणींचे गाव. तिथे नुसती भुताखेतांची दुकाने आहेत. इतिहासाची आवड असलेल्या माणसाने तिथे दिवस घालवावा का? (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

अवश्य घालवावा. सूनबाईंचे म्हणणे मात्र अगदीच चुकीचे नाही. स्टेशनातून बाहेर पडून मुख्य रस्त्याला लागले की टोकदार टोप्या, झाडू, मेणाचे पुतळे आणि भविष्य सांगणारी दालने यांचीच गर्दी दिसते. तेथील पोलिसांच्या गणवेशावरील चिन्हातसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण आहे, आणि एका दूरचित्रवाणी मालिकेतील हसऱ्या चेटकिणीचा पुतळा २००५ पासून भर चौकात उभा आहे. ज्या गावात चेटकिणी म्हणून निरपराध माणसे मारली गेली, त्याच गावाने चेटकिणीला आपले बोधचिन्ह करावे, याचे नवल वाटते. पण पर्यटनाचा पैसा कुठे कुठे जातो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

या दुकानांच्या मागे जे शहर आहे, ते मात्र अस्सल आहे. रॉजर कोनंट याच्यासोबत आलेल्या वसाहतकारांनी १६२६ मध्ये येथे वस्ती केली. आज तेथील लोकसंख्या सुमारे ४४ हजार, म्हणजे पुण्याच्या एखाद्या उपनगरापेक्षाही कमी आहे. तरीही सतराव्या शतकातील काळपट लाकडी घरे, अठराव्या शतकातील व्यापाऱ्यांचे वाडे आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची सार्वजनिक सभागृहे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभी आहेत. माझा सल्ला एकच आहे : कोणत्याही दारात तिकीट काढण्यापूर्वी ती वास्तू कोणत्या साली बांधली गेली, हे विचारावे. या एका प्रश्नाने गावातील निम्मी प्रलोभने आपोआप गळून पडतात आणि पावले बंदराकडे वळतात. सेलमचे खरे वैभव तिथेच आहे आणि त्याचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे. तो पुढील उत्तरांत येईलच.

प्रश्न : १६९२ च्या खटल्यांशी प्रत्यक्ष संबंध असलेली कोणती ठिकाणे आज पाहता येतात? आम्ही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात असल्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी केवळ पर्यटनाचा नाही. (कार्यकर्ते दांपत्य, सहकारनगर)

प्रत्यक्ष संबंध असलेली ठिकाणे थोडीच आहेत. चेटूक केल्याचे हे आरोप सुरू झाले ते 'सेलम व्हिलेज' या शेतकरी वस्तीत, आणि ती वस्ती आज डॅनव्हर्स नावाचे वेगळे गाव आहे. फाशी गेलेल्या रिबेका नर्स या वृद्धेचे घर त्या गावात जतन केलेले आहे. खटले मात्र सेलम शहरात चालले. मे १६९२ मध्ये गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी विशेष न्यायालय नेमले. या न्यायालयाने 'आरोपीची आकृती माझ्या अंगावर चालून आली' अशा साक्षी ग्राह्य धरल्या, आणि ऑक्टोबरमध्ये ते बरखास्त होईपर्यंत १९ जणांना फासावर चढवण्यात आले. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने आपल्यावरील आरोपाला उत्तर देण्यास नकार दिला, तेव्हा त्याच्या अंगावर दगड रचून त्याचा जीव घेण्यात आला. मारलेल्यांत पुरुषही होते, हे अनेकांच्या लक्षात नसते. याखेरीज काही जण तुरुंगातच मरण पावले.

त्या काळाशी थेट नाते सांगणारी सेलममधील उभी वास्तू म्हणजे या प्रकरणातील एक न्यायाधीश जोनाथन कॉर्विन याचे घर. ते त्याने १६७५ मध्ये विकत घेतले होते. आज ते 'विच हाउस' या नावाने ओळखले जाते, पण तिथे कोणतीही चेटकीण राहत नव्हती. राहत होता तो न्याय करणारा. काळ्या फळ्यांचे, उतरत्या छपराचे हे घर १९४० च्या दशकात रस्तारुंदीत पाडले जाणार होते. नागरिकांनी वर्गणी काढून ते वाचवले आणि सुमारे ३५ फूट मागे सरकवले. आतील ठेंगणे छत, जाड तुळया आणि प्रचंड चूल पाहिल्यावर त्या काळातील हिवाळा, अंधार आणि भीती यांची कल्पना येते.

आपण दोघांनी सर्वाधिक वेळ द्यावा तो चार्टर स्ट्रीटवरील १६३७ च्या दफनभूमीला लागून असलेल्या स्मारकाला. खटल्यांना ३०० वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९९२ मध्ये, ते उभारले गेले. तिन्ही बाजूंनी बुटकी दगडी भिंत आहे आणि तिच्यातून वीस दगडी बाक बाहेर काढलेले आहेत. प्रत्येक बाकावर एकेक नाव, मृत्यूची तारीख आणि मृत्यूचा प्रकार कोरलेला आहे. प्रवेशाच्या फरशीवर आरोपींची न्यायालयातील वाक्ये कोरली आहेत, पण ती भिंतीखाली जाऊन मध्येच तुटतात. त्या माणसांचे बोलणे जसे कोणी ऐकून घेतले नाही, तसेच ते दगडातही अर्धवट राहिले आहे. रचनाकारांनी याहून अधिक काही केले नाही, हे फार बरे झाले. शेजारच्या दफनभूमीत मात्र या वीस जणांपैकी कोणाचीही कबर नाही. तिथे कबर आहे ती खटल्यातील न्यायाधीश जॉन हॅथॉर्न याची.

फाशीची नेमकी जागा अनेक वर्षे वादात होती. कागदपत्रे आणि भूभागाचा अभ्यास करून 'प्रॉक्टर्स लेज' नावाचा खडकाळ उतार ही ती जागा असल्याचे २०१६ मध्ये अभ्यासकांनी निश्चित केले आणि पुढील वर्षी तिथे साधे स्मारक झाले. ही जागा निवासी वस्तीत आहे, त्यामुळे तिथे शांतता पाळावी. दोषी ठरवलेल्यांपैकी नाव निर्दोष व्हायचे राहिलेली शेवटची स्त्री एलिझाबेथ जॉन्सन हिला २०२२ मध्ये कायद्याने दोषमुक्त करण्यात आले, आणि त्यासाठी पाठपुरावा केला तो एका शाळेतील विद्यार्थ्यांनी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी ज्या शहरात हत्या झाली आणि ज्या राज्याने त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा केला, तेथून आलेल्या माणसाला या दगडी बाकांपाशी पुष्कळ काही आठवेल. मेणाच्या पुतळ्यांची आणि अंधाऱ्या खोल्यांतील आवाजांची प्रदर्शने आपण टाळलीत तरी काही गमावणार नाही.

प्रश्न : सेलमच्या जुन्या जहाजांचा हिंदुस्थानाशी व्यापार होता, असे मी वाचले आहे. त्याच्या खुणा सांगणाऱ्या वास्तू कोणत्या? (इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी, सदाशिव पेठ)

या प्रश्नाचे उत्तर जरा लांब होईल, आणि तसे ते व्हायलाही हवे.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ब्रिटिश साम्राज्याच्या बंदरांत तिला पूर्वीच्या सवलती उरल्या नाहीत. तेव्हा सेलमच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडून पूर्वेकडील बाजारपेठा गाठल्या. त्यांत अग्रणी होते एलायस हॅस्केट डर्बी. त्यांच्या 'पेगी' या जहाजातून १७८९ मध्ये मुंबईचा कापूस सेलमला उतरला. कोलकात्याचे सुती कापड व साखर, चीनचा चहा आणि सुमात्राची काळी मिरी यांचा ओघ पुढची काही दशके चालू राहिला. मिरीचा मोठा भाग तर सेलमहून पुन्हा युरोपला निर्यात होत असे. शहराच्या १८३९ च्या मुद्रेवर पूर्वेकडील पोशाखातील एक माणूस, झाडे आणि जहाज आहे, आणि समृद्ध पूर्वेच्या अगदी शेवटच्या बंदरापर्यंत जाण्याचे लॅटिन ब्रीदवाक्यही आहे.

आपण सुरुवात डर्बी धक्क्यापासून करावी. सुमारे अर्धा मैल समुद्रात शिरलेला हा धक्का एके काळी गोदामांनी भरलेला होता. आज तिथे गवत, वारा आणि टोकाला १८७१ मधील एक छोटे दीपगृह एवढेच आहे. भाऊच्या धक्क्यावरची गजबज डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर पहिल्यांदा निराशा होईल. पण टोकापर्यंत चालत जाऊन गावाकडे तोंड करून उभे राहावे. समोर ओळीने मालकाचे घर, जकात घेणारे सरकार आणि मालाची कोठारे दिसतात, आणि सारा व्यवहार एका नजरेत कळतो. डर्बींचे विटांचे घर १७६२ मधील आहे. वडिलांनी मुलाच्या लग्नानिमित्त ते बांधले. खिडकीतून स्वतःची जहाजे दिसावीत अशी त्याची जागा आहे. शेजारी १८१९ चे कस्टम हाउस आहे आणि त्याच्या माथ्यावर सोनेरी गरुड बसवलेला आहे. त्या काळी अमेरिकेत आयकर नव्हता आणि केंद्र सरकारचा खर्च मुख्यतः आयातीवरील जकातीतून चालत असे, त्यामुळे या इमारतीचा रुबाब उगाच नाही. मात्र ती उभी राहिली तेव्हा सेलमचा चढता काळ सरू लागला होता. अमेरिकन सरकारची १८०७ ची व्यापारबंदी आणि ब्रिटनशी झालेले १८१२ चे युद्ध यांनी कंबरडे मोडले होते, आणि पुढे मोठ्या जहाजांना सेलमचे बंदर उथळ पडू लागले. व्यापार बोस्टन आणि न्यूयॉर्ककडे गेला. हा सारा परिसर १९३८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला आणि या वर्गातील तो देशातील पहिला ठरला. धक्क्याला १७९७ च्या 'फ्रेंडशिप' या व्यापारी जहाजाची पूर्णाकृती प्रतिकृती बांधलेली असते. ती कधी कधी दुरुस्तीला गेलेली असते, म्हणून आधी चौकशी करावी.

तेथून चालत पीबडी एसेक्स संग्रहालयात जावे. आफ्रिकेचे किंवा दक्षिण अमेरिकेचे टोक ओलांडून गेलेले कप्तान आणि जहाजांवरील व्यापारी प्रतिनिधी यांनाच सभासद करून घेणारी 'ईस्ट इंडिया मरीन सोसायटी' १७९९ मध्ये स्थापन झाली. मृत सभासदांच्या बायका-मुलांना मदत करणे, समुद्रमार्गांची माहिती जमवणे आणि परदेशातून आणलेल्या वस्तूंचा संग्रह करणे ही तिची कामे होती. आजचे संग्रहालय हा त्या संग्रहाचाच विस्तार आहे. संस्थेने बांधलेल्या सभागृहाचे उद्घाटन १८२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या उपस्थितीत झाले. ते सभागृह नव्या काचेच्या इमारतींच्या मध्ये अजून उभे आहे आणि दर्शनी भागावर संस्थेचे नाव ग्रॅनाइटमध्ये कोरलेले आहे. कोलकात्याच्या ज्या दलालांशी सेलमकरांचे व्यवहार होते त्यांचे मातीचे पूर्णाकृती पुतळे आणि मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चिनी चित्रकाराने काढलेले चित्र या संग्रहात आहे. या वस्तू नेहमीच मांडलेल्या असतात असे नाही, म्हणून जाण्यापूर्वी संग्रहालयाला विचारून घ्यावे. चेस्टर आणि डेव्हिडा हर्विट्झ या दांपत्याने जमवलेली, हुसेन यांच्यासह विसाव्या शतकातील भारतीय चित्रकारांची चित्रेही येथेच आहेत.

आपण विद्यार्थी आहात म्हणून दोन गोष्टी अधिक सांगतो. सेलमचे धर्मोपदेशक विल्यम बेंटली यांनी अनेक वर्षे दैनंदिनी लिहिली. डिसेंबर १७९० मध्ये मद्रासहून आलेला एक माणूस आपण प्रथमच पाहिल्याची नोंद तीत आहे, आणि १८०४ मध्ये सोसायटीच्या मिरवणुकीत भारतीय पोशाख घातलेल्या कृष्णवर्णीयांच्या खांद्यावरून पालखी नेल्याचीही. दुसरी गोष्ट हत्तीची. सेलमचे कप्तान जेकब क्राउनिनशील्ड यांनी १७९६ मध्ये बंगालमधून न्यूयॉर्कला एक हत्ती नेला. अमेरिकेत पोहोचलेला हा पहिला हत्ती समजला जातो, आणि पुढच्या वर्षी तो सेलमलाही दाखवला गेला. याच प्रवासाच्या नोंदवहीत 'हत्ती चढवला' असे लिहिणारा अधिकारी नथॅनिएल हॅथॉर्न हा न्यायाधीश हॅथॉर्नचा वंशज आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कादंबरीकाराचा पिता होता. एवढ्याशा गावात सगळे धागे एकमेकांत कसे गुंतलेले असतात, याचा हा नमुना.

प्रश्न : मी मूळची नगरची. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी सेलमहून निघाले, असे आजोबा सांगत. ते खरे आहे का आणि ती जागा आज आहे का? (वाचक, वानवडी)

आजोबांचे म्हणणे मुळात बरोबर आहे, थोडा तपशील जोडावा लागेल. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. त्यांत ॲडोनायरम जडसन, सॅम्युअल न्यूएल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि लूथर राइस हे होते. जडसन आणि न्यूएल ही दोन दांपत्ये त्याच महिन्यात सेलमहून 'कॅरव्हान' जहाजाने कोलकात्याला निघाली, तर हॉल, नॉट आणि राइस फिलाडेल्फियाहून निघाले. म्हणजे मराठी मुलखात आलेल्या हॉल आणि नॉट यांची दीक्षा सेलमची, पण त्यांचे जहाज फिलाडेल्फियाचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला हे पाहुणे नको होते. जडसन ब्रह्मदेशाकडे वळले आणि हॉल व नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. तेच अमेरिकन मराठी मिशनचे मूळ. १८३१ मध्ये मिशनचे काम नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुरू झाले आणि तेथूनच १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले.

पुणेकरांना यातील एक दुवा विशेष जवळचा वाटेल. याच मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे त्यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली होती, आणि १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू करताना त्या भेटीचा प्रभाव त्यांच्या मनावर होता.

टॅबरनॅकल चर्च आजही वॉशिंग्टन स्ट्रीटवर आहे, पण तुमच्या आजोबांच्या गोष्टीतील इमारत आता नाही; सध्याची वास्तू विसाव्या शतकातील आहे. ते चालते प्रार्थनामंदिर असल्यामुळे आत जायचे असल्यास आधी कार्यालयात विचारावे.

प्रश्न : मी वास्तुरचनाकार आहे. पेठांतील वाडे एकेक करून पडताना पाहतो आहे. सेलमने जुनी घरे कशी राखली आणि व्यावसायिक दृष्टीने काय पाहण्यासारखे आहे? (निगडी)

काही अंशी ती दारिद्र्याने राखली, असे म्हणावे लागते. व्यापार उतरणीला लागल्यावर जुने पाडून नवे बांधायला पैसाच उरला नाही. दुसरा हातभार नशिबाचा. २५ जून १९१४ च्या आगीत सेलममधील १,३०० हून अधिक इमारती जळाल्या, पण व्यापाऱ्यांच्या घरांची चेस्टनट स्ट्रीट वाचली. त्यानंतरचे श्रेय मात्र माणसांचे आहे. १९६० च्या दशकात शहराच्या मध्यभागातील बराच भाग पाडून गाड्या उभ्या करायच्या जागा आणि नवी दुकाने करण्याचा आराखडा तयार झाला. स्थानिक नागरिकांनी विरोध केला, न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात वास्तुसमीक्षक ॲडा लुईझ हक्स्टेबल यांनी १९६५ मध्ये त्याविरुद्ध लिहिले, आणि पुढे आराखडा बदलून दुरुस्ती व पुनर्वापराचे धोरण आले. काही इमारती तोवर गेल्या होत्याच.

चेस्टनट स्ट्रीटचा आखलेला रस्ता १७९६ चा आहे. तो सावकाश, दोन्ही बाजूंनी, म्हणजे एकदा जाताना आणि एकदा येताना पाहावा. या भागाला सॅम्युअल मॅकिंटायर याचे नाव दिलेले आहे. हा सुताराचा मुलगा, स्वतः लाकडावर कोरीवकाम करणारा, आणि त्यातूनच वास्तुकार झालेला. राष्ट्रीय संसदभवनाच्या १७९२ च्या स्पर्धेतही त्याने आराखडा पाठवला होता. त्याची घरे बाहेरून साधी आणि चौकोनी असतात. कौशल्य दिसते ते दरवाजावरील कमानीत, जिन्याच्या कठड्यात आणि चुलीभोवतीच्या चौकटीत, जिथे गव्हाच्या पेंढ्या आणि फळांच्या परड्या कोरलेल्या आढळतात. संग्रहालयाच्या मालकीचे १८०४ चे गार्डनर-पिंगरी हाउस हे त्याच्या कामाचे उत्कृष्ट उदाहरण आहे. आतील खोल्या उघड्या असतील तर चुकवू नये. हे बांधकाम चालू होते त्याच सुमारास पुण्यात दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा उभा राहत होता. आपण विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जाचे कोरीवकाम ताज्या नजरेने पाहून मग सेलमला गेलात, तर सागवान आणि पाइन या दोन लाकडांनी कारागिरांच्या हातून काय काय करून घेतले ते समजेल.

चेस्टनट स्ट्रीटवरच १८०५ चे हॅमिल्टन हॉल आहे. नृत्यासाठी लवचीक ठेवलेली जमीन पाहायला लोक येतात, पण तिथे खानपानाची व्यवस्था पाहणाऱ्या जॉन रेमंड या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या कुटुंबाची हकिगत अधिक मोलाची आहे. त्यांची मुले चार्ल्स आणि सारा गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतील नामांकित वक्ते झाली. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी आपले पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, त्यांत या घरातील माणसेही येतात. दुसरी बाजूही सांगायला हवी : सेलमच्या आरंभीच्या संपत्तीचा एक भाग वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मळ्यांना खारवलेले मासे पुरवण्यातून आला होता.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची वास्तू मात्र अमेरिकन नाही. पीबडी एसेक्स संग्रहालयाच्या आवारात 'यिन यू तांग' नावाचे चिनी घर आहे. आनह्वेइ प्रांतातील एका खेड्यात सुमारे २०० वर्षांपूर्वी बांधलेले हे हुआंग नावाच्या व्यापारी कुटुंबाचे घर तिथे सुटे करण्यात आले. त्याच्या तुळया, विटा, कौले आणि घरगुती सामान सेलमला आणले गेले, चिनी कारागिरांच्या मदतीने ते पुन्हा जोडले गेले आणि २००३ मध्ये खुले झाले. दुमजली, १६ शयनखोल्यांचे, मध्ये उघडा चौक, चौकात पाण्याचे हौद, बाहेरच्या भिंतींना जवळजवळ खिडक्याच नाहीत आणि सारा उजेड आतून येतो. पेठेतील वाड्यात वाढलेल्या माणसाला इथे दिशा विचारावी लागत नाही. भिंतींवर वेगवेगळ्या काळांतील कागद, जाहिराती आणि राजकीय घोषणाही तशाच ठेवल्या आहेत. घर कोणत्याही एका 'सुवर्णकाळात' परत नेलेले नाही. जतनाच्या कामातील हा निर्णय आपण नीट पाहावा, कारण आपल्याकडे दुरुस्ती म्हटली की पहिला हात जुने सगळे पुसण्यासाठीच पुढे येतो. या घरासाठी ठरावीक वेळेचे वेगळे तिकीट लागू शकते.

प्रश्न : 'हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' पाहावे का? (इंग्रजीचे प्राध्यापक, डेक्कन जिमखाना)

पाहावे, पण डोळे उघडे ठेवून. कप्तान जॉन टर्नर यांनी १६६८ मध्ये बांधलेले हे घर खरे आहे आणि समुद्रकाठची त्याची जागा सुरेख आहे. वर ज्यांचा उल्लेख आला ते कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्न यांनी याच नावाची कादंबरी लिहिली; त्यांची नातलग सुझाना इंगरसोल तिथे राहत असे. ते तिच्याकडे येत तेव्हा छपराची सातही त्रिकोणी टोके शिल्लक नव्हती. कॅरोलिन एमर्टन यांनी १९०८ मध्ये घर विकत घेऊन कादंबरीशी जुळेल अशी दुरुस्ती करवली आणि त्यात कथेतले दुकानही जोडले. १९१० पासून घर लोकांना खुले झाले आणि तिकिटाचे पैसे स्थलांतरितांच्या मुलांसाठीच्या कामाला लागले. कथेने इमारतीला आकार दिल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडते. लेखकाचा १८०४ मध्ये ज्या घरात जन्म झाला, ते घरही मूळ जागेवरून उचलून याच आवारात आणून ठेवले आहे. ज्यांना ते लेखन ठाऊक नाही, त्यांनी बागेतून घर पाहून धक्क्याकडे वळले तरी चालेल.

प्रश्न : आम्ही दोघेही सत्तरीच्या पुढचे. गुडघ्यांचा त्रास आहे. कधी आणि कसे जावे, आणि शाकाहारी जेवणाचे काय? (वाचक, कर्वेनगर)

बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनहून लोकलने साधारण अर्ध्या तासात सेलम येते, आणि उन्हाळ्याच्या मोसमात बोस्टन बंदरातून बोटही सुटते. समुद्राचा त्रास होत नसेल तर बोटीने जाऊन रेल्वेने परतावे, कारण हे शहर समुद्रातूनच नीट समजते. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. ऑक्टोबरमध्ये हॅलोविनमुळे महिनाभरात लाखो लोक येतात, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि छोट्या घरांबाहेर तासन्‌तास रांगा लागतात, म्हणून त्या महिन्यात जाऊ नये. हिवाळ्यात अनेक वास्तूंच्या वेळा कमी होतात.

जुन्या घरांतील जिने अरुंद आणि चढे आहेत, आणि सेव्हन गेबल्समधील गुप्त जिना तर गुडघ्यांसाठी मुळीच नाही. मार्गदर्शकाला आधी सांगितले तर खालचा मजला पाहून आपल्याला बाहेर थांबता येते. संग्रहालयात उद्वाहन, बसण्याची जागा आणि स्वच्छतागृहे यांची सोय चांगली आहे, म्हणून उन्हाची वेळ तिथे घालवावी. फुटपाथ विटांचे आणि झाडांच्या मुळांनी उचललेले आहेत. चपलेऐवजी बूट घालावेत. एका दिवसात सर्व पाहण्याचा हट्ट धरू नये. स्मारक, संग्रहालय आणि डर्बी धक्का एवढे केले तरी पुष्कळ झाले.

जेवणात माशांचे पदार्थ अधिक असले तरी पिझ्झा, सॅलड, सँडविच सहज मिळते. सूप मागवताना त्यात मासा किंवा मांसाचा रस आहे का, हे विचारावे. घरून थेपले किंवा दशम्या नेल्यास धक्क्याजवळच्या हिरवळीवर बसून खाता येतात. फक्त समुद्रपक्ष्यांपासून डबा सांभाळावा, ते हातातला घास पळवतात. शनिवार-रविवारी परतीच्या गाड्या कमी असतात, तेव्हा उतरल्याबरोबर वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवावा.